ठाऊक असलेली गोष्ट: ग्रीक पुराणकथांवरच्या कादंबऱ्या आणि वाचनाचा आनंद

आजच्या विषयात 'आनंद' हा शब्द आहे आणि तो आपण मुद्दाम घातला आहे. कादंबरीवरच्या व्याख्यानांत आशय येतो, सामाजिक भान येतं, निवेदनतंत्र येतं. आनंद येतो तो शेवटच्या पाच मिनिटांत, वेळ उरलाच तर. एखादी कादंबरी का वाचलीत असं कुणी विचारलं की आपण म्हणतो, 'काही नाही, सहज हाताला लागली म्हणून.' त्या 'काही नाही'मध्ये थोडी लाज असते. वाचलं ते फक्त आवडलं म्हणून, असं मोठ्यानं सांगायला आपण कचरतो.

ही लाज मराठीत फार जुनी नाही, बरं का. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं, त्याचं नाव ठेवलं 'करमणूक'. पुढं १८९५ मध्ये का. र. मित्रांनी मासिक काढलं, त्याचं नाव 'मनोरंजन'. 'पण लक्षात कोण घेतो' लिहिणारा माणूस, ज्यानं यमूचं वैधव्य आणि तिचे हाल वाचकाच्या घरात नेऊन ठेवले, तो आपल्या साप्ताहिकाला करमणूक म्हणतो आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. आणखी मागं गेलो तर मम्मटानं काव्याची सहा प्रयोजनं सांगितली आहेत. यश आहे, पैसा आहे, व्यवहारज्ञान आहे, अमंगळाचं निवारण आहे, गोड बोलून केलेला उपदेशही आहे. पण वाचता-ऐकताक्षणी होणारा परम आनंद हे या सगळ्यांच्या शिरोभागी, असं तो स्वतःच सांगतो. तेव्हा आनंदासाठी वाचणं हे काही आळशी माणसाचं काम आहे असं आपल्या परंपरेनं मानलेलं नाही. ते आपण कधीतरी नंतर ठरवलं.

हे सगळं आज ग्रीक पुराणकथांवरच्या कादंबऱ्यांच्या निमित्तानं का बोलायचं? कारण या कादंबऱ्या सध्या प्रचंड वाचल्या जातात, तरुण मुलंमुली आवडीनं वाचतात, आणि त्यांचं कौतुक मात्र भलत्याच कारणासाठी होतं. मॅडलिन मिलरची 'द साँग ऑफ अकिलीस' २०११ ची, तिचीच 'सर्सी' २०१८ ची. पॅट बार्करची 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' हीसुद्धा २०१८ ची. नॅटली हेन्सची 'अ थाउजंड शिप्स' २०१९ ची. यांच्या आधी मार्गारेट ॲटवूडची 'द पेनेलोपियाड' २००५ मध्ये आली होती. मलपृष्ठ उलटून बघा. बहुतेकांवर एकच सूर दिसतो: जिला कुणी बोलू दिलं नाही तिला हे पुस्तक आवाज देतं. म्हणजे पुस्तक घ्यायचं ते एका अन्यायाची भरपाई म्हणून. चांगली गोष्ट आहे, नाही असं नाही. पण भरपाई झाली म्हणून कादंबरी रात्री दोनपर्यंत जागवते असं होत नाही. जागवणारी गोष्ट वेगळी असते, आणि ती कोणती हे आपण आज बघू.

सुरुवात होमरपासूनच करावी लागेल. इथं एक गंमत आहे. गोष्ट ऐकण्याच्या आनंदाबद्दल 'ओडिसी'नं जितका विचार केला आहे तितका फार थोड्या पुस्तकांनी केला असेल. पहिल्याच सर्गात फेमियस नावाचा गायक ट्रॉयहून परतणाऱ्या ग्रीकांच्या हालांचं गाणं गातो आहे. पेनेलोपी जिन्यावरून खाली येते आणि रडत म्हणते, हे गाणं थांबव, दुसरं काहीही गा. तिचा नवरा परतलेला नाही. तिच्या दृष्टीनं ही गोष्ट नाही, घरातली जखम आहे. त्यावर तिचा मुलगा टेलेमॅकस तिला काय सांगतो? की लोकांना सर्वांत नवं गाणंच सर्वांत आवडतं, गायकाला दोष देऊ नकोस, आणि तू आत जा, आपलं मागाकडे बघ. एका छोट्या प्रसंगात केवढं काय आहे बघा. एकाचा आनंद तेच दुसऱ्याचं दुःख. नव्याची ओढ. आणि दुखावलेल्या बाईला आत पाठवून गाणं चालू ठेवणारा पोरगा. आजच्या लेखिका जिच्यासाठी कादंबऱ्या लिहिताहेत ती 'आत जा' म्हटली गेलेली बाई होमरनं पहिल्याच सर्गात आपल्यासमोर उभी केलेली आहे.

आठव्या सर्गात हेच पुन्हा येतं, जास्त खोलवर. ओडिसियस फिएशियन लोकांच्या राजवाड्यात पाहुणा आहे, त्याचं नाव अजून कुणाला ठाऊक नाही. आंधळा गायक डेमोडोकस गातो आहे. ओडिसियस आपल्या ताटातला मांसाचा चांगला तुकडा कापून त्याला पाठवतो आणि फर्माईश करतो, लाकडी घोड्याचं गा. म्हणजे स्वतःच्याच पराक्रमाचं. गायक गातो, ट्रॉय पडतं, आणि हा रडायला लागतो. कसा रडतो? होमर उपमा देतो. नगर वाचवताना पडलेल्या नवऱ्याच्या देहावर एखादी बाई कोसळून आक्रोश करते, आणि मागून शत्रूचे सैनिक भाल्यांनी ढोसत तिला गुलामगिरीत हाकलतात, त्या बाईसारखा. जिंकणारा माणूस हरलेल्यांच्या बायकोसारखा रडतो! फिएशियन मंडळी मात्र मजेत ऐकताहेत. त्यांना गाणं छान लागलं आहे. पाहुणा रडतोय हे फक्त शेजारी बसलेल्या राजाच्या लक्षात येतं. आणि तो राजा पुढं जे बोलतो ते आम्हाला 'ओडिसी'तलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाक्य वाटतं. तो साधारण असं सांगतो की देवांनी हा विनाश घडवला तो पुढच्या लोकांना गाण्यासाठी काहीतरी मिळावं म्हणून. 'इलियड'च्या सहाव्या सर्गात हेलनही हेक्टरला तसंच काहीसं म्हणते.

आता आपण वाचक म्हणून कुठं बसलो आहोत हे पाहा. आपण फिएशियन आहोत. दिवा आहे, जेवण झालं आहे, कुणाचं तरी शहर जळतं आहे आणि आपल्याला छान वाटतं आहे. कादंबरी आनंदासाठी वाचण्यावर खरा आक्षेप कुठला असेल तर तो हा. वेळ वाया जातो हा आक्षेप फुटकळ आहे. दुसऱ्याच्या यातनेतून आपल्याला सुख होतं, हा मोठा आहे. आणि युद्धात लुटून आणलेल्या बायकांच्या कादंबऱ्या आवडीनं वाचताना तो टाळता येत नाही.

तिकडे जाण्याआधी एक साधा प्रश्न. शेवट ठाऊक असलेली गोष्ट वाचायची तरी कशाला? याचं उत्तर इथं बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. कीर्तनाला बसणाऱ्या कुणालाही सीतास्वयंवरात धनुष्य कोण मोडणार हे ठाऊक असतं. बुवा आख्यान कसं लावतात, कुठं थांबतात, हे बघायला लोक बसतात. अथेन्सचे प्रेक्षक तसेच होते. ओरेस्टीस परत येतो आणि बहीण इलेक्ट्रा त्याला ओळखते, हा एकच प्रसंग एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या तिघांच्याही नाटकांत आहे. एस्किलसकडे ती भावाला केसांच्या बटेवरून आणि पावलांच्या ठशांवरून ओळखते. युरिपिडीसची इलेक्ट्रा म्हणते, हे काय भलतंच, पुरुषाचं पाऊल आणि बाईचं पाऊल सारखं कसं असेल? प्रेक्षकांना आधीचं नाटक आठवत असेल तरच ही टपली कळणार. ४१२ मध्ये, अर्थात इसवी सनापूर्वी, याच युरिपिडीसनं हेलनवर नाटक केलं, त्यात खरी हेलन ट्रॉयला गेलेलीच नाही. ती इजिप्तमध्ये बसून होती आणि दहा वर्षं माणसं एका आभासासाठी मेली. तेव्हा 'मूळ कथेत बदल केला हो' अशी तक्रार ग्रीक पुराणकथेबद्दल करण्यात अर्थ नाही. बदल करणं हीच तिथली रीत.

मराठी वाचकाला ही रीत शिकवावी लागत नाही. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची. त्यात ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं स्वतःची बाजू सांगतात. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये, १९६७ साली, कर्णाबरोबर कुंती बोलते, वृषाली बोलते, शोणही बोलतो. महाकाव्यातलं पात्र 'मी' म्हणून बोलायला लागलं की काय होतं याचा अनुभव आपल्या दोन-तीन पिढ्यांनी घेतला आहे. आणि त्याच १९६७ मध्ये इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं, त्यानं उलटं केलं. कुणाला आवाज दिला नाही, कुणाची बाजू घेऊन रडल्या नाहीत, संहितेत काय आहे आणि काय नाही हे कोरडेपणानं दाखवलं. 'मृत्युंजय' वाचून भारावलेला वाचक 'युगान्त' वाचून थोडा थंड होतो, आणि मग दोन्ही आवडायला लागतात. ग्रीक कथांवरच्या कादंबऱ्या वाचताना ही दोन्ही पुस्तकं मनात असणं उपयोगाचं आहे, असं आमचं मत.

आणि 'पहिल्यांदाच आवाज' हा दावाही जरा जपूनच घ्यावा. रोमन कवी ओविडनं दोन हजार वर्षांपूर्वी पुराणकथांतल्या स्त्रियांची काल्पनिक पत्रं लिहिली. पहिलं पत्र पेनेलोपीचं आणि तिसरं ब्रिसीसचं, अकिलीसला लिहिलेलं. परक्या भाषेत लिहिते आहे म्हणून अक्षर बरं नाही, आणि डाग आहेत ते आसवांचे, असं ती त्यात सांगते. मलपृष्ठ लिहिणाऱ्यांना हे कुणीतरी कळवायला हवं.

ब्रिसीसचंच उदाहरण पुढं नेऊ, कारण दोन कादंबऱ्यांनी तिचं अगदी वेगळं काहीतरी केलं आहे. 'इलियड'मध्ये तिची हकिकत इतकीच: लिर्नेसस नगर अकिलीसनं लुटलं, तिचा नवरा मारला, तिचे तीन भाऊ त्याच दिवशी मेले, आणि ती त्याच्या वाट्याला आली. वाट्याला, म्हणजे लुटीतला हिस्सा म्हणून. मग अगामेम्नननं ती काढून घेतली आणि त्या अपमानावरून अकिलीस रुसून बसला. ती बोलते एकदाच, एकोणिसाव्या सर्गात, पॅट्रोक्लसच्या प्रेतावर. तो माझ्याशी नेहमी मायेनं वागला, म्हणते. तिच्यामागं बाकीच्या बायका रडू लागतात. होमर तिथं एक टोचणी लावतो: रडतात पॅट्रोक्लसचं निमित्त करून, पण प्रत्येकीचं दुःख आपापलं. एका ओळीत एवढं सांगून होमर पुढं जातो.

मिलरच्या 'द साँग ऑफ अकिलीस'मध्ये सांगणारा पॅट्रोक्लस आहे. कादंबरी अकिलीस आणि त्याच्या प्रेमाची, आणि वाचायला विलक्षण सुंदर. मिलर शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवत होती, हे पुस्तक लिहायला तिला दहा वर्षं लागली, आणि २०१२ चा ऑरेंज पुरस्कार त्याला मिळाला. यातलं खरं कसब आमच्या मते शेवट ठाऊक असण्याचा जो वापर तिनं केला आहे त्यात आहे. हेक्टरला मारल्याशिवाय अकिलीस मरणार नाही असं भाकीत आहे. म्हणून अकिलीस सारखा हसत विचारतो, मी हेक्टरला कशाला मारू, त्यानं माझं काय वाकडं केलंय? पहिल्यांदा हा विनोद आहे. दुसऱ्यांदा वाचताना पोटात गोळा येतो, कारण हेक्टर काय करणार आहे हे आपल्याला माहीत आहे, आणि ज्याच्या बाबतीत करणार आहे तोच आपल्याला ही गोष्ट सांगतो आहे. एखाद्या रहस्यकथेला हे जमणार नाही. तिथं आपण पुढचं कळावं म्हणून पानं उलटतो. इथं पुढचं येऊ नये म्हणून हळू वाचतो.

पण मग ब्रिसीस. मिलरच्या कादंबरीत लुटून आणलेल्या या मुलीला पाहून पॅट्रोक्लसला कळवळा येतो, तो अकिलीसला म्हणतो हिला तू माग, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही. अकिलीस मागतो. पुढं अशा आणखी बायका ते वाचवतात. तंबूंत एक प्रेमळ कुटुंबच तयार होतं, ब्रिसीस ग्रीक शिकते, पॅट्रोक्लसची मैत्रीण होते. वाचताना बरं वाटतं. आणि नेमकं तिथंच थांबून विचारायला हवं की हे बरं वाटणं कशाच्या बदल्यात? होमरच्या अकिलीसनं तिला अंथरुणात घेतलं, त्यात लपवाछपवी नाही. आपला नायक आपल्याला निखळ आवडावा म्हणून मिलरनं त्याच्या हातून ती गोष्ट काढून घेतली. गुलामगिरी राहिली, पण आपल्या माणसांच्या तंबूत ती आश्रम बनली. अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या काव्यानं जे आपल्यापासून दडवलं नाही ते आजच्या कादंबरीनं दडवावं, हे आम्हाला खटकतं. पुस्तकाचं सुख इथं थोडं स्वस्तात मिळालेलं आहे.

बार्करनं हाच प्रसंग घेतला आणि काहीही दडवलं नाही. युद्धावर लिहिण्यात तिचा हात बसलेला आहे. पहिल्या महायुद्धावरच्या तिच्या तीन कादंबऱ्यांपैकी 'द घोस्ट रोड'ला १९९५ चं बुकर मिळालं होतं. 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स'मध्ये नगर पडत असताना ब्रिसीस छपरावरून पाहते आहे आणि तिच्या भावाला मारणारा माणूस तोच आहे ज्याच्या तंबूत तिला रात्री जायचं आहे. छावणीतली घाण, उंदीर, मागावर बसलेल्या बायका, सैनिकांची बीभत्स गाणी, आणि भाषा जवळजवळ आजच्या इंग्रज बराकीतली. काहींना ती भाषा खुपते. आम्हाला ती बरोबर वाटली. सैनिक कुठल्याही काळात संगमरवरी बोलत नसणार.

या कादंबरीतली एक जागा तुम्ही जरूर वाचा. 'इलियड'च्या चोविसाव्या सर्गात म्हातारा राजा प्रायम शत्रूच्या तंबूत येतो, मुलाचं प्रेत मागायला, आणि ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्या हातांचं चुंबन घेतो. आजवर कुणी केलं नाही ते मी करतो आहे, असं तो म्हणतो. जगातल्या वाङ्मयातला हा एक शिखरप्रसंग, यावर दुमत नाही. बार्करच्या तंबूत ब्रिसीस वाढायला उभी आहे. ती हे ऐकते, आणि तिच्या मनात येतं की असंख्य बायकांना भाग पडलं तेच आपणही करतो आहोत, ज्यानं नवरा आणि भाऊ मारले त्याच्या खाली निजतो आहोत. बस्स. प्रायमचं दुःख त्यानं खोटं ठरत नाही. होमरचा प्रसंग लहानही होत नाही. पण त्या तंबूत आणखी एक माणूस उभं होतं हे एकदा कळलं की ते पुन्हा नकळतं करता येत नाही. पुढच्या वेळी 'इलियड' उघडाल तेव्हा ती तिथं उभी असेल. पुनर्कथन यशस्वी झालं की नाही याची याहून चांगली खूण आम्हाला माहीत नाही.

आता हिला आनंद म्हणायचं का? आम्ही म्हणू, हो. सुखद नाही, पण आनंद आहे. आपल्या रसचर्चेत करुणाला रस म्हणताना याच प्रश्नाशी शेकडो वर्षं झटापट झालेली आहे. करुणरसानं दुःखच होत असतं तर लोक पुन्हा पुन्हा त्या नाटकाला गेले नसते, हा तिथला जुना युक्तिवाद आहेच. फिएशियनांचा आनंद आणि हा आनंद यांत फरक इतकाच की फिएशियनांना शेजारी कोण रडतंय ते दिसत नाही.

बार्करचं सगळंच जमलं आहे असं नाही. ब्रिसीसच्या तोंडून कादंबरी सुरू होते आणि मध्येच अकिलीसचा तृतीयपुरुषी भाग येतो. मुलींच्या गप्प राहण्यावरची कादंबरी, आणि लेखिकेलाही त्या माणसाच्या डोक्यात शिरल्यावाचून राहवलं नाही! ब्रिसीसलासुद्धा शेवटी हे उमगतं की आपण आपली म्हणून सांगत होतो ती गोष्ट त्याचीच होत गेली. हा दोष की प्रामाणिकपणा, यावर आमचं मत अजून हेलकावतं. पण कारण उघड आहे. अकिलीस हे पात्र होमरनं इतकं जबरदस्त करून ठेवलं आहे की त्याच्या जवळ गेलेलं कुठलंही पुस्तक त्याच्याकडे ओढलं जातं.

'सर्सी'बद्दल थोडक्यात, कारण ती तुमच्यातल्या बहुतेकांनी वाचलेली असणार. होमरकडे सर्सी खलाशांची डुकरं करते, का करते ते तो सांगत नाही. हर्मीसनं दिलेल्या मुळीमुळं ओडिसियस बचावतो, तिच्याकडून शपथ घेतो, आणि हीच बाई एका क्षणात सगळ्यांत चांगली यजमानीण होते. माणसं परत माणसं होतात, आधीपेक्षा तरणी आणि देखणी, आणि सगळे वर्षभर तिथं खातपीत राहतात. ही गिरकी कारणावाचून आहे आणि म्हणूनच जादूची आहे. मिलर कारण देते: आधी आलेल्या एका जहाजाच्या कप्तानानं तिच्यावर बलात्कार केला. आजच्या वाचकाला ते पटतं. पण कारण मिळालं की भीती जाते, सर्सी समजण्याजोगी होते, आणि समजण्याजोगी चेटकीण ही थोडी कमीच चेटकीण. याउलट, बेटावरचं तिचं रोजचं काम मिलरनं फार सुरेख लिहिलं आहे. कुठली मुळी कधी खणायची, किती वेळ वाटायची, दहादा फसून अकराव्यांदा जमणं. तिथं चेटूक हे कष्टाचं काम होतं, सुईणीच्या किंवा वैदूच्या कामासारखं. आवाज देण्यापेक्षा हातांना काम देणं कादंबरीला जास्त मानवतं, असं आम्हाला ही पानं वाचताना वाटलं.

ॲटवूडला मात्र दोन्ही साधलं, आणि तेही हसत हसत. 'ओडिसी'च्या बाविसाव्या सर्गात ओडिसियस पेनेलोपीच्या मागण्या घालणाऱ्यांना मारतो आणि मग त्यांच्याशी संबंध ठेवलेल्या बारा दासींकडून ती प्रेतं उचलून घेतो, रक्त पुसून घेतो, आणि त्यांना तलवारीनं मारायला सांगतो. टेलेमॅकसला ते मरण फार स्वच्छ वाटतं, म्हणून तो त्यांना एका दोरावर फाशी देतो. होमर त्यांना जाळ्यात सापडलेल्या पाखरांची उपमा देतो आणि त्यांचे पाय थोडा वेळ हलले असं सांगून पुढं जातो. 'आत जा' म्हणणारा पोरगा तो हाच, हे लक्षात ठेवा. ॲटवूडची पेनेलोपी मृतांच्या लोकातून बोलते, खोचक, शहाणी, हेलनवर जळणारी. तिच्या प्रकरणांमध्ये त्या बारा जणी येतात आणि कधी पोरींची दोरीवरची गाणी म्हणतात, कधी खलाशांची, कधी चक्क मानववंशशास्त्राचं व्याख्यान देतात, कधी ओडिसियसवर खटला भरतात. आपल्याला हसू येतं. आणि मग कळतं की पेनेलोपीनंच त्यांना हेरगिरीसाठी त्या माणसांत मिसळायला सांगितलं होतं. म्हणजे जिला आवाज मिळाला ती पेनेलोपीसुद्धा पूर्ण विश्वासाची नाही. तिच्या आवाजाखाली आणखी बारा आवाज दबलेले. इतकं छोटं पुस्तक, पण मलपृष्ठावरच्या त्या ठरीव वाक्याची सगळ्यांत चांगली चेष्टा त्यात आहे.

शेवटी एका कादंबरीकडे येऊ, जिचं नाव या लाटेत फार घेतलं जात नाही. ऑस्ट्रेलियन लेखक डेव्हिड मालूफची 'रॅन्सम', २००९ ची. विषय तोच, प्रायमचं मुलाच्या प्रेतासाठी शत्रूच्या छावणीत जाणं. होमरकडे प्रायमबरोबर खेचरांच्या गाडीवर राजघराण्यातला जुना दूत असतो. मालूफचा प्रायम हट्ट धरतो की दूत नको, बाजारातला साधा गाडीवान हवा. सोमॅक्स नावाचा एक म्हातारा मिळतो. त्याची एक खेचरी आहे, तिचं नाव ब्यूटी, तिचा त्याला भारी अभिमान. वाटेत नदी लागते. होमर इथं फक्त जनावरांना पाणी पाजतो. मालूफ थांबतो. गाडीवान राजाला सांगतो, पाय पाण्यात सोडा, बरं वाटेल. राजानं आयुष्यात कधी हे केलेलं नाही. मग तो आपल्या सुनेनं केलेल्या छोट्या पोळ्या काढतो आणि त्या कशा केल्या, पीठ कसं, ती तव्यावर कशी उलटते, हे सांगत बसतो. राजा ऐकतो. अन्न कुणीतरी करतं, आणि त्याच्याबद्दल एवढं बोलता येतं, हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं. या गाडीवानाचीही मुलं गेलेली आहेत. तो त्यांच्याबद्दलही बोलतो, त्याच सुरात.

कथा इथं पुढं सरकत नाही. हेक्टरचं प्रेत तिकडे धुळीत पडलं आहे. आणि तरी आपल्याला ते प्रकरण संपू नये असं वाटतं. होमरच्या तंबूत पुढं काय होतं ते आठवा. प्रेत परत द्यायचं ठरल्यावर अकिलीस प्रायमला जेवायला सांगतो, आणि म्हातारा जेवावा म्हणून त्याला नायोबीची गोष्ट सांगतो. बारा मुलं गेली तरी नायोबीला शेवटी अन्नाची आठवण झाली, म्हणतो. नायोबीच्या कथेतला हा जेवणाचा तपशील होमरनं याच प्रसंगासाठी घातला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. म्हणजे अकिलीस स्वतःच पुनर्कथनकार! समोर बसलेल्या, काही खाल्लं नसलेल्या माणसाला दोन घास जावेत म्हणून त्यानं गोष्टीत बदल केला. मालूफनं नदीकाठच्या त्या पोळ्या तिथूनच उचलल्या असतील का? आम्हाला तरी तसं वाटतं, पण पुस्तक वाचून तुम्ही ठरवा.

व्याख्यानाआधी प्रश्न मागवले होते, त्यांतला एक बऱ्याच जणांनी विचारला आहे: होमर आधी वाचावा की या कादंबऱ्या? कुठूनही सुरुवात करा. 'सर्सी' आवडली म्हणून 'ओडिसी'चा दहावा सर्ग काढून बघणारा वाचक आणि 'ओडिसी' वाचून 'सर्सी'वर नाक मुरडणारा वाचक, दोघंही पुढं एकाच जागी भेटतात. फक्त एक करा. 'द साँग ऑफ अकिलीस' वाचली असेल तर तिच्यानंतर लगेच 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' घ्या, मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका. ब्रिसीस अजून ताजी असताना ती घ्यायला हवी. बाकीचे प्रश्न आता समोरून घेऊ.